व्याज नको म्हणजे नफा नको असं नाही: इस्लामी व्यवहाराचं गणित सोप्या भाषेत

मागे ओळखीतल्या एकाने फोन करून विचारलं, मी मित्राच्या धंद्यात ५ लाख टाकलेत, तो मला दर महिन्याला १० हजार देतो, आम्ही त्याला व्याज म्हणत नाही, नफा म्हणतो, मग हे हलाल झालं ना? मी विचारलं, एखाद्या महिन्यात धंदा बसला तर? तो म्हणाला, ते त्याचं तो बघेल, माझे १० हजार फिक्स आहेत. आणि मुद्दल? ते मागेन तेव्हा पूर्ण परत. म्हटलं, अरे बाबा, हे व्याजच आहे, तुम्ही फक्त पाटी बदललीत.

त्याला राग आला थोडा. पण हा गोंधळ त्याच्या एकट्याचा नाही, अगदी जुना आहे. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत म्हणजे अध्यायात, २७५ व्या आयतीत म्हणजे वचनात हाच आक्षेप आलाय, लोक म्हणायचे की व्यापार पण तर रिबासारखाच (रिबा म्हणजे व्याज) आहे की, १०० ची वस्तू ११० ला विकली काय आणि १०० उसने देऊन ११० घेतले काय, हातात तर ११० च येतात. त्यावर तिथलं उत्तर एका ओळीचं आहे: अल्लाहने व्यापार हलाल केला आणि रिबा हराम केला. का, ते तिथे सविस्तर समजावलेलं नाही, पण फुकहांनी म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी नंतर जे नियम मांडले त्यात एक धागा सगळीकडे दिसतो. तो एकदा कळला की अर्धे प्रश्न आपले आपण सुटतात.

धागा असा की कमाई त्याची ज्याने धोका उचलला. अरबीत एक हदीस म्हणजे प्रेषितांचं वचन आहे, अल-खराज बिद्दमान, म्हणजे साधारण असं की वस्तू बुडाली तर ज्याचं नुकसान, त्या वस्तूचं उत्पन्न पण त्याचंच. दुकानदार माल आणतो तेव्हा तो माल जळू शकतो, सडू शकतो, भाव पडू शकतो, गिऱ्हाईक फिरकतच नाही असं होऊ शकतं, आणि हे सगळं त्याच्या डोक्यावर असतं म्हणून त्याचा नफा त्याचा. उसने पैसे देणाऱ्याचं तसं नसतं, समोरच्याच्या धंद्याचं काहीही होवो, याचा आकडा ठरलेला. म्हणून कर्जावर आधी ठरवून घेतलेलं काहीही जास्तीचं म्हणजे रिबा, मग ते १ टक्का असो की ३०. दर कमी आहे म्हणून चालतं असं काही नसतं.

आता त्या मित्रांचा व्यवहार दुरुस्त कसा करायचा? तर त्याला मुदारबा करायचा. मुदारबा म्हणजे एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः तरुणपणी पुढे ज्यांच्याशी त्यांचं लग्न झालं त्या हजरत खदीजा यांच्या भांडवलावर व्यापाराला जायचे, तोच प्रकार. यात दोन गोष्टी पक्क्या लागतात. नफ्याची वाटणी टक्क्यात ठरली पाहिजे आणि ते टक्के नफ्याचे पाहिजेत, भांडवलाचे नाही. '५ लाखांवर महिना २ टक्के' हे व्याज झालं, 'जो नफा होईल त्याचे ४० टक्के माझे, ६० तुझे' हा मुदारबा झाला. ऐकायला फरक बारीक वाटतो, हिशेबाला बसलं की कळतो.

समजा वर्षाचा निव्वळ नफा आला १ लाख ८० हजार. पैसे घालणाऱ्याचे ४० टक्के म्हणजे ७२ हजार, काम करणाऱ्याचे १ लाख ८ हजार. आता घर चालवायला दर महिन्याला काहीतरी हातात पाहिजे हे मान्य, मग १० हजार महिना घ्यायला कोणी अडवलेलं नाही, फक्त ती उचल धरायची. वर्षात १ लाख २० हजार उचलले आणि वाट्याला आले ७२ हजार तर ४८ हजार जास्तीचे गेलेत, ते परत करायचे नाहीतर भांडवलातून वजा धरायचे. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण महिन्याचे पैसे घ्यायला सगळे तयार, वर्षाअखेरीला वही उघडायला कोणी तयार नसतं.

आणि वर्षाअखेरीला ५० हजारांचा तोटा आला तर? तो पैसे घालणाऱ्याचा. पूर्ण. भांडवल साडेचार लाखांवर आलं. काम करणाऱ्याने पैशाने काही गमावलं नाही पण त्याची वर्षभराची मेहनत फुकट गेली, तोच त्याचा तोटा. हां, त्याने निष्काळजीपणा केला, ठरलेल्या धंद्याबाहेर पैसे घातले किंवा हात मारला तर मग भरपाई त्याची. पण सरळ चाललेल्या धंद्यात भांडवलाची गॅरंटी त्याच्याकडून मागता येत नाही. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, निदान मुद्दल तरी सेफ पाहिजे ना! मला ही भावना समजते, कष्टाचे पैसे असतात. पण मुद्दल सेफ पाहिजे तर ते कर्ज म्हणून द्या आणि जास्तीचं काही घेऊ नका, नफा पाहिजे तर धोक्यात उतरा. दोन्ही एकत्र मिळणार नाही, सगळं भांडण तिथेच आहे.

दोघांनीही पैसे घातले असतील तर ती मुशारका, म्हणजे आपली नेहमीची भागीदारी. तिथे नफा आपसात ठरेल त्या टक्क्यांनी वाटता येतो, जो जास्त काम करतो त्याला जास्त वाटा दिला तरी चालतं, पण तोटा मात्र ज्याचं जेवढं भांडवल त्याच प्रमाणात. ६० आणि ४० घातले असतील तर तोटा ६०-४० च, तिथे घासाघीस नाही.

आता बँकेकडे वळू, कारण खरी कुजबुज तिथेच असते. 'इस्लामिक बँक पण शेवटी जास्तच घेते की, फक्त नाव अरबी.' हा आरोप अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही आणि पूर्ण खरा आहे असं पण नाही, म्हणून इथे जरा थांबून बघू.

तुम्हाला १० लाखांची मशीन घ्यायचीय. साधी बँक तुम्हाला १० लाख देते, व्याज लावते, मशीनशी तिचा संबंध तारण म्हणून. मुराबहा करणारी बँक पैसे देत नाही, ती आधी मशीन स्वतः विकत घेते आणि मग तुम्हाला विकते, आणि विकताना उघड सांगते की मला १० लाखांना पडली, माझा नफा दीड लाख, एकूण साडेअकरा, २४ हप्त्यांत द्या. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त ठेवायला बहुतेक फुकहांची परवानगी आहे, अट एवढीच की सौद्याच्या बैठकीतून उठण्याआधी एकच भाव पक्का झाला पाहिजे. 'सहा महिन्यांत दिले तर इतके, वर्षाने दिले तर तितके, बघू पुढे' असं लोंबकळत ठेवता येत नाही. आणि एकदा साडेअकरा ठरले की साडेअकराच, हप्ता उशिरा आला म्हणून रक्कम वाढत नाही. मुद्दाम टाळणाऱ्याला धाक बसावा म्हणून काही बँका दंड लावतात, पण ते पैसे बँकेच्या कमाईत जात नाहीत, दानधर्मात द्यावे लागतात.

मग फरक नेमका कुठे? तर बँकेने मशीन घेतल्यापासून तुम्हाला विकेपर्यंतच्या त्या मधल्या वेळात. समजा मशीन ट्रकमधून येतेय आणि वाटेत ट्रक उलटला. मुराबहात ते नुकसान बँकेचं, तुमच्यावर एक पैसा नाही, कारण विक्री अजून झालेलीच नाही. साध्या कर्जात ट्रक उलटला तरी हप्ता सुरू. तो मधला वेळ एक दिवसाचा असेल, कधी तासाभराचा पण असेल, तेवढ्यापुरती तरी मशीन खरोखर बँकेची असली पाहिजे.

म्हणून कोणी मुराबहाची कागदपत्रं दाखवली की मी आधी तारखा बघतो. व्यवहारात बँक अनेकदा तुम्हालाच तिचा एजंट नेमते, म्हणजे तुम्ही बँकेच्या वतीने मशीन उचला, मग आम्ही ती तुम्हाला विकू. ठीक आहे, चालतं. पण क्रम असा पाहिजे की आधी एजंटचं पत्र, मग बँकेच्या नावाचं बिल, मग माल ताब्यात, मग तुमचा खरेदीचा प्रस्ताव आणि बँकेची मंजुरी. एकदा असा एक गठ्ठा हातात आला की त्यात बिल थेट गिऱ्हाइकाच्या नावाने, एजंटच्या पत्राच्या आठ दिवस आधीचं, माल कधीच कारखान्यात पोचून चालू झालेला. म्हणजे बँकेने काहीच विकलं नव्हतं, आधीच झालेल्या खरेदीचे पैसे देऊन वर दीड लाख लावले होते. शिक्के सगळे होते कागदावर.

यावर लोक म्हणतात, क्रमाने काय फरक पडतो, शेवट तर तोच ना? याला एक जुना किस्सा आहे. प्रेषितांचे सहकारी हजरत बिलाल यांनी एकदा प्रेषितांसाठी चांगल्या जातीचे खजूर आणले. विचारल्यावर म्हणाले, आमच्याकडे हलके खजूर होते, त्यातले दोन साअ (साअ हे माप) देऊन यातला एक साअ घेतला. प्रेषित म्हणाले, हा तर सरळसरळ रिबा, असं करू नका, तुमचे खजूर आधी विका आणि त्या पैशांनी हे घ्या. आता बघा, हातात शेवटी तेच खजूर आले असते, पण मधे बाजार आला असता, हलक्या खजुराचा खरा भाव लागला असता, देणारा-घेणारा दोघांना कळलं असतं की आपण काय सोडतोय. रस्ता बदलला की व्यवहार बदलतो, हे मला या किस्स्यातून जेवढं पटलं तेवढं जाड ग्रंथातून पटलं नव्हतं.

हाच नियम सोन्याला लागतो. सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ या सहा वस्तूंचं नाव हदीसमध्ये आहे, एकाच जातीची अदलाबदल करायची तर वजनाला वजन आणि हातोहात. त्यामुळे जुना दागिना देऊन नवा घेताना वजनात फरक असेल आणि वर घडणावळ द्यायची असेल तर जुना आधी विका, पैसे हातात घ्या, मग नवा घ्या. सोनं हप्त्याने घेणं पण बहुतेक जाणकारांना मान्य नाही, कारण पैसा आणि सोनं यांची देवाणघेवाण जागच्या जागी पूर्ण झाली पाहिजे.

बँकांकडे परत येतो. सुरुवातीला स्वप्न मुदारब्याचं होतं, ठेवीदार आणि बँक भागीदार, बँक आणि धंदेवाला भागीदार. इजिप्तमध्ये मीत गम्र गावात १९६३ ला अहमद अल-नज्जार यांनी छोट्या बचतीची बँक काढली, ती १९६७ पर्यंत चालली, मग १९७५ ला दुबई इस्लामिक बँक आली, त्याच वर्षी जेद्दामधली इस्लामिक डेव्हलपमेंट बँक सुरू झाली. पण भागीदारी म्हटली की शेकडो धंदेवाल्यांच्या वह्या तपासणं आलं, खोटा तोटा दाखवणारे आले, म्हणून हळूहळू बहुतेक बँका मुराबहाकडे सरकल्या, तिथे आकडा आधीच ठरलेला असतो आणि डोक्याला ताप कमी. त्याच्याही पुढे गेले ते तवर्रुकवाले. म्हणजे बँक तुम्हाला कागदावर धातू उधारीत विकते, तुमच्याच वतीने तो लगेच रोखीने दुसऱ्याला विकते आणि पैसे तुमच्या खात्यात टाकते. धातू तुम्ही बघितलेला पण नसतो. २००९ मध्ये शारजाहच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (म्हणजे इस्लामी कायदा) अकादमीने असा ठरवून केलेला तवर्रुक नाजायज ठरवला, तरी तो चालूच आहे, काही बँकांचे धार्मिक सल्लागार बोर्ड अटी घालून परवानगी देतात. माझं मत विचाराल तर जिथे कोणालाच वस्तू नकोय तिथे विक्री कसली.

घरासाठी घटती मुशारका हा प्रकार त्यामानाने बरा वाटतो. घर बँकेचं ८० टक्के, तुमचं २०, बँकेच्या हिश्श्याचं तुम्ही भाडं देता आणि हळूहळू तिचा हिस्सा विकत घेता, हिस्सा कमी झाला की भाडं कमी. तिथे एकच प्रश्न विचारा, घराचं मोठं नुकसान झालं तर बँक तिच्या हिश्श्याचं सोसणार का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर समजून जा.

व्याजाइतकाच महत्त्वाचा पण कमी चर्चेतला शब्द म्हणजे गरर, सौद्यातली भोंगळ अनिश्चितता. पाण्यातला मासा विकू नका, आकाशातला पक्षी विकू नका, आणि जे तुमच्याकडे नाही ते विकू नका. हे शेवटचं वाचून ऑनलाइन ड्रॉपशिपिंग करणारे घाबरतात आणि घाबरायला थोडं कारण आहे. माल माझ्याकडे नाही, मी फोटो लावला, पैसे घेतले, मग दुसऱ्याकडून परस्पर पाठवला, मधे काही बिघडलं तर हात वर केले, हे बसत नाही. पण वाटा आहेत. एकतर उघड एजंट व्हा आणि कमिशन घ्या. नाहीतर आधी फक्त ऑर्डरची बोली घ्या आणि माल स्वतःच्या ताब्यात आल्यावर विक्री करा. नाहीतर सलम करा.

सलम ही मजेशीर सवलत आहे. मदिनेत शेतकरी एक-दोन वर्षांनी येणाऱ्या फळांचे पैसे आधीच घ्यायचे, प्रेषितांनी ते बंद केलं नाही, सांगितलं की माप ठरवा, वजन ठरवा, मुदत ठरवा. आणि पैसे पूर्ण आगाऊ द्यायचे, अर्धे आता अर्धे नंतर असं नाही. 'या माझ्या शेतातलाच माल' अशी अट पण घालायची नाही, कारण ते शेत बुडालं तर काय? अमुक प्रतीचा, अमुक वजनाचा माल, अमुक तारखेला, कुठूनही आणून दे. बनवून घ्यायच्या वस्तूंना, जसं फर्निचर, इमारत, सॉफ्टवेअर, तिथे इस्तिस्ना लागतो, त्यात पैसे टप्प्याटप्प्याने दिले तरी चालतं.

जुगार, लॉटरी, सट्टा यावर वेगळं लिहायला नको, ते सगळ्यांना माहीत असतं. विम्याचा प्रश्न या गररमधूनच येतो, आणि त्यावर तकाफुल म्हणजे सगळ्यांनी मिळून मदतनिधी भरायचा हा पर्याय निघाला, सुदानमध्ये १९७९ ला पहिली कंपनी आली.

शेअरचं थोडक्यात: कंपनीचा मूळ धंदा हलाल पाहिजे आणि मग आकडे बघायचे. बहरीनमधली आओफी नावाची संस्था इस्लामी आर्थिक व्यवहारांचे मापदंड काढते, तिच्या हिशेबाने व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत, व्याजावर ठेवलेला पैसा पण ३० च्या आत, आणि नाजायज कमाई एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत. तो नाजायज भाग तुमच्या वाट्याला जेवढा येतो तेवढा काढून दान करायचा, सवाबाच्या म्हणजे पुण्याच्या आशेने नाही, हात धुवायचे म्हणून.

दुकानातली गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. प्रेषित बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाशी थांबले आणि आत हात घातला, वरून कोरडं पण आत बोटांना ओल लागली. हे काय? विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं, जो फसवतो तो आमच्यातला नाही. बघा, ओलं धान्य विकू नको असं ते म्हणालेच नाहीत. विक, पण वर ठेवून विक. आज ढीग स्क्रीनवर असतो, वरच्या चार फोटोंत वस्तू चकाचक आणि ओरखडा पाचव्या फोटोत सुद्धा नाही. खोटी बोली लावून भाव चढवणं, ज्याला नजश म्हणतात, ते पण मना आहे, आणि पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू मला तरी त्याच घरातले वाटतात.

उसनवारीबद्दल दोन गोष्टी. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत (२:२८२) नमाज-रोज्यावर नाही, कर्ज लिहून ठेवण्यावर आहे, मुदत लिहा, लिहिणारा बसवा, साक्षीदार ठेवा. आपण मात्र 'भावाभावात कसलं लिहायचं' म्हणतो आणि तीन वर्षांनी बोलणं बंद होतं. आणि समोरचा खरंच अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, माफ केलं तर अजून चांगलं, हे २:२८० मध्ये आहे. परत करताना कोणी खुशीने थोडं जास्त दिलं तर घ्यायला हरकत नाही, आधी ठरलेलं किंवा अपेक्षेतलं नसलं म्हणजे झालं. महागाईने पैशाची किंमत घसरली तर? फिकह अकादमीचं १९८८ चं मत असं की जेवढे दिले तेवढेच परत, महागाईचा निर्देशांक लावायचा नाही. ज्याला हे टोचतं त्याने सोनं उसनं द्यावं आणि तेवढंच सोनं परत घ्यावं.

राहिली जकात, म्हणजे दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान, आणि धंदेवाल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. निसाब म्हणजे किमान मर्यादा ८५ ग्रॅम सोनं किंवा ५९५ ग्रॅम चांदी, काही जण ८७.४८ आणि ६१२.३६ धरतात. चांद्रवर्ष पूर्ण झालं की अडीच टक्के. धंद्यातलं जे विकायला ठेवलेलं नाही त्यावर जकात नाही, म्हणजे दुकानाचा गाळा, मशीन, डिलिव्हरीची गाडी, कपाटं हे सोडा. धरायचं काय तर रोख, बँकेतले पैसे, विकायचा माल आणि येणं. समजा रोख २ लाख, माल ६ लाख, खात्रीची येणी दीड लाख, आणि लगेच द्यायचं देणं अडीच लाख. बेरीज साडेनऊ, वजा अडीच, राहिले ७ लाख, जकात १७ हजार ५००. हिशेब इंग्रजी वर्षाने ठेवत असाल तर ते ११ दिवस मोठं असतं म्हणून २.५७७ टक्के धरतात.

मालाची किंमत खरेदीची लावायची नाही, आज विकला तर जेवढे येतील ती लावायची. दोन वर्षं फडताळात पडलेला माल छापील किमतीला धरून रडायची पण गरज नाही, आज कोणी एकगठ्ठा उचलला तर काय देईल, तो भाव धरा. आणि ज्या गिऱ्हाइकाने फोन उचलणंच बंद केलंय त्याची उधारी यंदाच्या बेरजेत घेऊ नका, पैसे खरंच हातात आले तर त्या वर्षी बघा.